आधी सूत, मग करवत



मुलुंड असो की बोरिवली, घाटकोपर असो की अंधेरी, उपनगरात राहणाऱ्या आपल्यासारख्यांचा एक अनुभव सारखाच आहे. संध्याकाळी हरिपाठाला बसावे, टाळ हातात घ्यावेत, आणि नेमके त्याच वेळी वरच्या मजल्यावर सुतारकाम सुरू व्हावे. प्लायवूडमध्ये यंत्राची करवत शिरते आणि तिचा कर्कश आवाज भिंतीतून खाली उतरतो. आपल्या कपाळाला आठी पडते. कोणी सोसायटीच्या सेक्रेटरीला फोन लावतो, तर कोणी खिडकी लावून घेतो. मन मात्र पांडुरंगाजवळून उठून त्या आवाजामागे गेलेले असते.

आज त्या आवाजाच्या मागेच थोडे चालू या. ज्या हत्याराने आपला हरिपाठ मोडला, त्याचे नाव, कूळ आणि इतिहास पाहू. शेवटी आपण हरिपाठालाच परत येऊ.

वर काम करणारा सुतार बहुतेक वेळा उत्तर प्रदेश, बिहार किंवा राजस्थानातून आलेला असतो. तुम्ही त्याला ‘करवत’ म्हणालात, तर तो ‘आरी’ म्हणेल. आपल्याकडे आरी म्हणजे चांभाराचे टोचायचे हत्यार. तिने चामड्याला भोक पाडायचे आणि त्यातून दोरा ओवायचा. मग यात चूक कोणाची? कोणाचीच नाही. ‘अमरकोशा’त हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी आले आहेत. करवतीसाठी तिथे ‘क्रकच’ आणि ‘करपत्र’ हे दोन शब्द दिले आहेत, आणि त्यांना लागूनच ‘आरा’ म्हणजे चामडे भेदणारे हत्यार असे सांगितले आहे. मराठीने आरीचा तो जुना अर्थ जपला. हिंदीत मात्र आरी लाकडाकडे गेली. रोहिदासांचे हत्यार आणि सुताराचे हत्यार कोशात एकाच ओळीत बसलेले पाहून वारकऱ्याला बरे वाटावे. आपल्या दिंडीतही असेच शेजारी असतात.

आता ‘करवत’ हा शब्द पाहू. कर म्हणजे हात आणि पत्र म्हणजे पान किंवा पाते. हाताने चालवायचे पाते ते करपत्र. प्राकृतात ‘प’चा ‘व’ झाला, जसा कपाटाचे कवाड होताना किंवा दीपाचा दिवा होताना झाला. ‘त्र’चा ‘त्त’ झाला, आणि करपत्राचे ‘करवत्त’ होऊन मराठीत करवत आली. याच ‘पत्रा’ने आपल्याला गवताची पात दिली आणि चाकूचे पातेही दिले. झाडाच्या पानाला जे नाव, तेच झाड कापणाऱ्या पोलादाला मिळाले. दुसरा शब्द क्रकच. तो उच्चारून पाहा, लाकडात चालणाऱ्या करवतीची करकर त्यात ऐकू येते. पालीत त्याचे ‘ककच’ झाले. या ककचाकडे आपण पुढे वळणार आहोत, कारण त्याची वाट बोरिवलीवरून जाते.

ही करवत चालवणारा तो सुतार. त्याचे नाव करवतीवरून, वाकसावरून किंवा रंध्यावरून पडलेले नाही, ते सुतावरून पडले आहे. सुतार हा शब्द ‘सूत्रधार’ शब्दातून आला. सूत धरणारा तो सूत्रधार. त्याचे दुसरे जुने नाव ‘वर्धकि’. त्यातून हिंदीत बढई आणि विदर्भात वाढई आले. आळंदीला जाताना लोणावळ्याच्या पुढे कार्ल्याची लेणी लागतात. तिथल्या चैत्यगृहाच्या दाराशी एक प्राचीन लेख आहे. धेनुकाकट गावच्या, वेणुवासाचा पुत्र सामी नावाच्या ‘वढकी’ने म्हणजे सुताराने हे दार केले, असे तो सांगतो. कोरले दगडात, पण करणारा स्वतःला सुतार म्हणवतो. त्याच चैत्याच्या छताला सागवानी कमानी आहेत. सुमारे २,००० वर्षे उलटली, तरी ते लाकूड जागेवर आहे. पुढच्या खेपेला तिथे थांबा, मान वर करा, आणि ते लाकूड ज्यांनी कापले त्या हातांना मनातल्या मनात नमस्कार करा.

सुताराला सुतावरून नाव का मिळाले, ते त्याचे काम पाहिले की कळते. लाकडाला करवत लावण्याआधी तो गेरूत भिजवलेला दोरा ओंडक्यावर ताणून धरतो आणि मधोमध उचलून सोडून देतो. लाकडावर तांबडी सरळ रेघ उमटते. याला सूत मारणे म्हणतात. मग त्या रेघेवरून करवत चालते. करवतीला स्वतःची दिशा नसते. तिला दात असतात, डोळे नसतात. रेघ चुकली तर करवत तितक्याच निष्ठेने चुकीचे कापते. म्हणून आधी सूत, मग करवत.

तिच्या दातांचीही एक गंमत आहे. करवतीचे दात सरळ एका ओळीत ठेवत नाहीत. एक थोडा डावीकडे, पुढचा थोडा उजवीकडे, असे आळीपाळीने वाकवतात. त्यामुळे काप पात्याच्या जाडीपेक्षा किंचित रुंद पडतो आणि करवत लाकडात अडकत नाही. सगळे दात एका रेषेत राहिले, तर करवत आपल्याच कापात रुतून बसेल. दात बोथट झाले की कानस घेऊन एकेक दात घासावा लागतो. यंत्रे येण्यापूर्वी मोठा ओंडका उभा चिरायला दोन माणसे लागत. एक वर उभा राही, दुसरा खाली. वरच्याला सुताची रेघ दिसे. खालच्याच्या डोळ्यांत भुसा पडे, त्याला रेघ नीट दिसतही नसे. तो वरच्याच्या हाताला हात देऊन ओढत राही. माउली, आपल्या साधनेत आपण बहुतेक जण खालचेच असतो. रेघ दिसते ती वरच्याला. आपण आपल्या टोकाचा हात सोडायचा नाही.

हे हत्यार किती जुने आणि किती जणांच्या हाती गेले पाहा. सुश्रुतसंहितेत शल्यकर्माची २० शस्त्रे सांगितली आहेत. त्यांत मंडलाग्रानंतर दुसरे नाव करपत्राचे आहे. शस्त्राचे ८ दोषही तिथे मोजले आहेत. शस्त्र वाकडे असणे, बोथट असणे, तुटके असणे, त्याची धार खरखरीत असणे, हे सारे दोष. पण लगेच एक अपवाद केला आहे तो करपत्राचा. त्याची धार खरखरीतच हवी, कारण त्याने हाड कापायचे आहे. जो इतरांचा दोष, तो करवतीचा गुण. आपल्या घरातही एखादा माणूस असा खरखरीत असतो. गोड बोलणारे दहा जण जिथे हात टेकतात, तिथले अवघड काम तोच पार पाडतो. त्याला नावे ठेवण्याआधी सुश्रुतांचा हा अपवाद आठवावा.

वैद्याच्या हातून करवत गणितज्ञाकडे गेली. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे ११५० च्या सुमारास, ‘क्रकचव्यवहार’ नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे. करवतकामाचे गणित ते क्रकचव्यवहार. ब्रह्मगुप्तांनीही ६२८ साली गणिताच्या आठ व्यवहारांत करवतीच्या व्यवहाराला स्थान दिले होते. भास्कराचार्यांचे उदाहरण असे. एक ओंडका बुंध्याशी २० अंगुळे जाड आहे, शेंड्याशी १६, आणि त्याची लांबी १०० अंगुळे आहे. तो चार ठिकाणी उभा चिरला, तर एकूण काप किती हातांचा झाला? बुंधा आणि शेंडा यांची सरासरी १८. तिला १०० ने गुणले की १,८००. चार काप म्हणून ७,२००. एका हाताची २४ अंगुळे, म्हणून चौरस हाताची ५७६. भागाकार केला की साडेबारा हात येतात. करवत ओढणाऱ्याची मजुरी या मापावर ठरायची.

पण माझे मन त्याच प्रकरणातल्या दुसऱ्या एका सूचनेपाशी थांबते. विटांचे, दगडांचे, खणण्याचे आणि करवतण्याचे मोल काय द्यायचे? भास्कराचार्य म्हणतात, ते काम करणाऱ्याच्या संमतीने ठरवावे, आणि वस्तू मऊ आहे की कठीण हे पाहून ठरवावे. शिसवीला आणि सावरीला एकच भाव लावू नये. ज्यांचे गणित अचूक होते, त्यांनी शेवटचा शब्द मजुराला दिला. साडेबारा हात हा हिशेब पुस्तकातून निघतो, पण त्या साडेबारा हातांमागचे कष्ट ओढणाऱ्यालाच माहीत असतात.

आता बोरिवलीला या. राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरीच्या शंभरांहून अधिक लेण्यांत कित्येक शतके बौद्ध भिक्खू राहिले. त्यांच्या मज्झिम निकायात ‘ककचूपम सुत्त’ आहे, म्हणजे करवतीच्या उपमेचे सूत्र. बुद्ध भिक्खूंना सांगतात, दोन मुठींच्या करवतीने लुटारू तुमचे अवयव तोडू लागले, तरी त्यांच्याविषयी ज्याच्या मनात द्वेष येईल तो माझ्या शिकवणीप्रमाणे वागला नाही. उपमा अंगावर काटा आणणारी आहे. पण तिचा रोख रोजच्या जगण्याकडे आहे. करवतीची गोष्ट झाली की कोणी टोचून बोलले, टोमणा मारला, तर तो सोसण्याइतका लहान वाटू लागतो. आपण नाथमहाराजांची कथा ऐकतो. गोदेवर स्नान करून येणाऱ्या नाथांवर एक जण पुन्हा पुन्हा थुंकला, आणि नाथ पुन्हा पुन्हा स्नानाला गेले. कान्हेरीचा डोंगर आणि पैठणचा घाट यांत अंतर बरेच आहे, पण शांतीची परीक्षा दोन्हीकडे सारखीच झाली.

कीर्तनात करवत आली की आपल्याला मयूरध्वज राजा आठवतो. ही कथा जैमिनी अश्वमेधातली. पंढरपुरात राहिलेल्या श्रीधरस्वामी नाझरेकरांनी तो ग्रंथ मराठीत आणला. श्रीकृष्ण ब्राह्मणाच्या वेषात राजाकडे आले. माझ्या मुलाला सिंहाने धरले आहे, तुझे अर्धे शरीर मिळाले तरच तो सोडेल, असे म्हणाले. राजा तयार झाला. राणी आणि मुलगा यांनी दोन बाजूंनी करवत धरली. करवत चालू झाली आणि राजाच्या डाव्या डोळ्यातून पाणी आले. ब्राह्मण म्हणाला, रडत दिलेले दान मला नको. राजा म्हणाला, मी दुःखाने रडत नाही. उजवे अंग तुमच्या कामी लागले, डावे वाया जाणार, म्हणून डावा डोळा रडतो.

या ठिकाणी श्रोत्यांचे डोळे भरतात आणि बुवा गजर घेतात. पण त्यापुढचे पाऊलही नीट ऐकले पाहिजे. देवाने ते अर्धे अंग नेले का? नाही. भगवंत प्रगट झाले, करवत थांबली आणि राजा पुन्हा धडधाकट झाला. देवाला राजाची तयारी पाहायची होती, कापलेला देह नको होता. कथेचा हा शेवट आपल्याकडून कधी कधी गजरात हरवतो.

हे मी मुद्दाम म्हणतो, कारण हा शेवट हरवला की माणूस कुठवर जातो याची खूण काशीत आहे. विश्वनाथाच्या जवळ ‘काशी करवट’ नावाचे मंदिर आहे. तिथले शिवलिंग खाली विहिरीसारख्या खोल जागेत आहे आणि भाविक वरून दर्शन घेतात. जुन्या काळी मोक्षाच्या आशेने लोक इथे करवतीखाली देह देत, असे परंपरा सांगते. ‘काशी करवत घेणे’ हा बोल त्यातूनच उत्तरेच्या संतवाणीत शिरला. मणिकर्णिकेजवळचे कललेले रत्नेश्वर मंदिरही काशी करवट याच नावाने ओळखले जाते. तिथे मात्र करवट म्हणजे कूस, कुशीवर कललेले देऊळ. दोन निराळे शब्द एकाच शहरात एकमेकांच्या अंगावर रेलले आहेत. काशीच्या कबीरांनी नेमका हाच श्लेष साधला. गुरुग्रंथसाहिबात त्यांचे एक पद आहे. त्याचा भाव असा की, तू माझ्याकडे पाठ करून कूस वळवतोस, त्यापेक्षा करवत परवडली. देहाचे दोन तुकडे होण्याची भीती त्यांना नाही. प्रेमात अंतर पडण्याची आहे.

ज्यांनी काशीत करवत घेतली त्यांच्या श्रद्धेला हसू नये. तळमळ खरी असल्याशिवाय कोणी एवढे धाडस करत नाही. पण त्यांचे सूत कोणी मारले होते, हे विचारलेच पाहिजे. गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंत अशा घोर तपाला आसुरी म्हणतात, आणि शरीराला छळणारे लोक त्या शरीरात राहणाऱ्या मलाच छळतात, असे सांगतात. ज्या घरात मालक राहतो, त्या घरावर करवत चालवून मालकाला प्रसन्न कसे करणार?

आपल्या नाथमहाराजांनी त्याच काशीत काय केले पाहा. शके १४९५, म्हणजे १५७३ साली, त्यांनी एकादश स्कंधावरची आपली टीका, म्हणजे एकनाथी भागवत, तिथे पूर्ण केले. देह करवतीखाली ठेवला नाही, लेखणीखाली झिजवला. नामदेवरायांनी आपल्या शिंपीकामातली कात्री आणि गज नामाच्या कामाला लावले. तशी त्यांची पदे कबीरांच्या पदांबरोबर गुरुग्रंथसाहिबात आहेत. संतांनी देह दिला, पण एका घावात दिला नाही. रोज थोडा थोडा दिला, मळ्यात, दुकानात, जात्यावर, वाटेवर. आळंदीहून पंढरपूरपर्यंतचे सुमारे २५० किलोमीटर आपण पायांनी जातो. त्या वाटेवर मयूरध्वजाचे डावे अंग रडत नाही, कारण डावा पाय आणि उजवा पाय दोन्ही कामाला लागतात.

शेवटी एक गोष्ट आपल्या दाराशी घडलेली. अंधेरी आणि बोरिवली यांच्या मध्ये गोरेगावला आरेचे रान आहे. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी मेट्रोच्या कारशेडविरुद्धच्या याचिका उच्च न्यायालयाने फेटाळल्या आणि त्याच रात्री तिथे यंत्राच्या करवती चालू झाल्या. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने आणखी झाडे तोडू नका असे सांगितले, तोवर २,०००हून अधिक झाडे आडवी झाली होती. मेट्रो आपल्याला हवी आहे. लोकलच्या गर्दीत चेंगरणाऱ्याला ते सांगायला नको. झाडेही आपलीच आहेत, तुकोबारायांनी त्यांच्याशी नाते जोडून ठेवले आहे. या वादात कोण बरोबर हे ठरवण्याची ही जागा नाही. पण एक गोष्ट दोन्ही बाजूंनी मान्य करावी. न्यायालयाचा कागद थांबवता येतो, मागे घेता येतो, बदलता येतो. करवत मागे घेता येत नाही. कापलेला राजा जोडला तो देवाने, आणि तोही कथेत. आपल्याला कापलेले जोडता येत नाही. म्हणून तर सुताराने आपले नाव करवतीवरून घेतले नाही, सुतावरून घेतले.

हेच तोंडातल्या करवतीला लागू आहे. शब्द येताना कापतो, जाताना कापतो. घरात सुनेला, दुकानात नोकराला, दिंडीत मागून येणाऱ्याला बोलण्याआधी एकदा सूत मारून पाहावे. गळ्यातली तुळशीची माळ सुतातच ओवलेली असते. ती बोटांनी चाचपली, तरी रेघ दिसते.

आता हरिपाठाला परत येऊ. वरचा आवाज अजून चालू आहे. तो ज्याच्या हातून निघतो आहे, तो आपले गाव सोडून इथे आला आहे, लाकूड मऊ की कठीण हे त्याचे मनगट जाणते, आणि भुसा त्याच्या डोळ्यांत जातो आहे. आज फोन करण्याआधी वर जाऊन या. तांब्याभर पाणी घेऊन जा. हरिपाठाची वेळ सांगा, त्याच्या कामाची वेळ विचारा. दोघे मिळून वेळेची एक रेघ मारा. तो अर्धा तास थांबेल. आणि नाही थांबला, तर त्या करकरीतच टाळ धरा. खालच्या टोकाची मूठ आपल्या हातात आहे. वरच्या टोकाला कोण उभा आहे, ते वारकऱ्याला सांगायला नको.

रामकृष्णहरी!